जुन्या घरातला माग, पेटी आणि कागदपत्रे: संग्रहालयाला काय द्यावे आणि कोणत्या नोंदीसह द्यावे

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे: साखर पेठेतील आजोबांचे घर उतरवून नवे बांधायचे आहे. माळ्यावर हातमागाचे सुटे भाग, जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळा, गिरणीचा एक पितळी बिल्ला, मोडीतील काही कागद, तांब्याची थोडी नाणी, एक जुनी चादर आणि आजीचे विड्या वळण्याचे सूप असे सामान निघाले आहे. घराण्यात कोणी सरदार किंवा वतनदार नव्हते. अशा सामानाला संग्रहालयात काही किंमत असते का, आणि द्यायचे ठरले तर ते कसे द्यावे?

संग्रहालयांतील वस्तूंच्या नोंदी करण्यात माझा बहुतेक कार्यकाळ गेला आहे, त्या आधारावर उत्तर देतो. किंमत असते, आणि सोलापूरसारख्या शहराच्या बाबतीत ती तलवारींच्या किमतीपेक्षा कमी नसते. मात्र ती किंमत वस्तूसोबत येणाऱ्या माहितीवर अवलंबून असते. ती माहिती आज तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांजवळ आहे. सामान माळ्यावरून खाली येऊन एका पोत्यात भरले गेले की त्यातील बरीचशी कायमची जाते, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

संग्रहालय म्हटले की ढाली, भाले आणि राजांची चित्रे डोळ्यांसमोर येतात, आणि आपल्या जिल्ह्यात त्यांची वाण नाही. अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागार पाहण्यासारखे आहे. सोलापूरचा भुईकोट किल्ला बहमनी काळापासून उभा आहे. आदिलशाही आणि निजामशाही यांच्या भांडणात तो वारंवार हात बदलत राहिला आणि चांदबिबीच्या विवाहात तो आंदण म्हणून विजापूरकडे गेला, हे शाळेपासून आपण ऐकत आलो आहोत. १८१८ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. परंतु आज आपण ज्या शहरात राहतो ते त्या किल्ल्याने घडवलेले नाही. १८६० मध्ये रेल्वे येथे पोहोचली, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने आसपासची खेडी ओस पाडली, त्याच सुमारास १८७७ मध्ये जिला आपण सगळे जुनी मिल म्हणतो ती गिरणी सुरू झाली, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पेठांमधून माग मांडले. येथील कुटुंबांपैकी फार मोठ्या संख्येची मुळे या घडामोडींत आहेत. या इतिहासाची अडचण अशी की त्याच्या वस्तू वापरून संपवण्यासाठीच केलेल्या होत्या. तलवार वारसांनी जपली. धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारे लाकूड, झिजल्यावर चुलीत गेला, चादर फाटल्यावर तिचे पोतेरे झाले. म्हणून तुमच्या माळ्यावर जे उरले आहे ते साधे असले तरी दुर्मिळ आहे.

आता माहितीचे महत्त्व का, ते आपल्या शेजारच्या तेरच्या उदाहरणाने सांगतो. पूर्वीच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातील शेतांत आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर मिळणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, नाणी आणि खापरे यांचा संग्रह केला, आणि पुढे त्यातून त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. त्यात सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नाते सांगणारी एक हस्तिदंती मूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडली. पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे तेथील मूर्ती त्या वर्षापूर्वीची आहे हे निर्विवाद ठरते. दोन्ही मूर्ती कोठे मिळाल्या हे ठाऊक असल्यामुळेच दख्खन आणि रोम यांच्या व्यापारावर प्रकाश पडतो. समजा, तेरची मूर्ती एखाद्या दलालाने मुंबईत नेऊन विकली असती आणि ती कोठून आली हे कोणी टिपले नसते, तर ती ‘दख्खन, बहुधा सातवाहनकालीन’ एवढ्या मोघम पाटीखाली एखाद्या कपाटात उभी राहिली असती. रोमन काळातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात तगरहून भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून कापड जात असल्याचा उल्लेख आहे. तो वाचल्यावर आपल्या भागात कापडाचा धंदा किती जुना आहे याचा अंदाज येतो. लामतुरे यांचे मोठेपण मला यात दिसते की त्यांनी वस्तू गावातच ठेवल्या. त्यामुळे त्या कोठल्या, हा प्रश्न कधी उरलाच नाही.

दुसरे उदाहरण दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग-कुडलचे घ्यावे. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील तेथील संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे, आणि त्यातील ‘वाछि तो विजेया होइवा’ ही ओळ मराठीतील सर्वांत जुन्या लिखित वाक्यांमध्ये गणली जाते. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी आपल्या जिल्ह्यातील जे अनेक लेख उजेडात आणले त्यांत याचे स्थान फार वरचे आहे. हा लेख मंदिराच्या तुळईवर आहे आणि तो तेथेच असला पाहिजे. लेखाचा दगड काढून काचेच्या पेटीत ठेवला असता तर त्याचे मंदिराशी असलेले नाते तुटले असते. ज्या संगमावर मंदिर उभे राहिले आणि ज्या परिसरात कन्नड व मराठी शेजारी शेजारी नांदत होत्या, तो परिसर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून गेला असता. प्रत्येक जुनी वस्तू संग्रहालयात आणावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. खेड्यापाड्यांत वेशीजवळ उभे असलेले वीरगळ, म्हणजे खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा दाखवणारे ते दगड, गावाने शेंदूर लावून का होईना पण सांभाळले असतील तर ते तेथेच राहू द्यावेत. त्यांचे छायाचित्र आणि ठिकाणाची नोंद संग्रहालयात असली म्हणजे पुरे.

हाच नियम तुमच्या पितळी बिल्ल्याला लावून पाहा. नुसता बिल्ला आला तर मी नोंदवहीत ‘पितळी बिल्ला, गिरणी कामगाराचा, क्रमांक अमुक’ एवढेच लिहू शकेन. परंतु तो कोणाचा, तो मनुष्य कोणत्या गिरणीत होता, साचेखात्यात म्हणजे विणकामात की सूतखात्यात म्हणजे कताईत, कायम की बदली, कोणत्या पाळीला जात असे, भोंगा झाल्यावर साखर पेठेतून निघून किती वेळात फाटकाशी पोहोचत असे, गिरणी बंद पडल्यावर त्याने काय केले, हे कळले तर त्या बिल्ल्यावरून एका पिढीचा जीवनक्रम सांगता येतो. जुनी मिल १९६३ च्या सुमारास बंद पडली आणि हजारो घरांची चूल त्या घटनेने हलली. गिरणी सुटलेल्या माणसाने घरी माग घातला, की तो यंत्रमागाच्या कारखान्यात लागला, की मुंबई किंवा भिवंडीची वाट धरली, याचे उत्तर घराघरांत वेगळे मिळते, आणि ते कागदावर फारसे उतरलेले नाही. बिल्ला घासून चकचकीत करू नये, हे येथेच सांगून ठेवतो. वर्षानुवर्षे छातीवर आणि खिशात घासून गुळगुळीत झालेल्या कडा आणि पितळेवर चढलेला काळसरपणा हा वापराचा पुरावा आहे. चिंच किंवा भांडी घासण्याची पूड लावली की तो एका दुपारीत नाहीसा होतो.

सगळ्या सामानात मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या जेकार्डच्या पुठ्ठ्यांच्या माळा, आणि लोक नेमक्या त्याच रद्दीत घालतात. जेकार्डची युक्ती फ्रान्समधील लिआँ शहरात १८०४ च्या सुमारास सिद्ध झाली. पुठ्ठ्यावर जेथे भोक असेल तेथे सुई आरपार जाते, तिला जोडलेला आकडा उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे वर येतात. जेथे भोक नाही तेथे सुई मागे ढकलली जाते आणि ते धागे खालीच राहतात. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की माळेतील पुढचा पुठ्ठा समोर येतो. अशा रीतीने चादरीवरील मोर, वेल किंवा चौकटीचे नक्षीकाम आधी भोकांच्या भाषेत पुठ्ठ्यांवर उतरवलेले असते. ज्या नक्षीची एकही चादर आता कोठे शिल्लक नाही, तिचे पुठ्ठे मिळाले तर ती नक्षी पुन्हा वाचता येते, इतकेच काय, जाणकार विणकराला ती पुन्हा विणताही येते. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर हा शहराचा अभिमान आहे खरा, परंतु तिच्या नक्षी काढणाऱ्या आणि पुठ्ठे पाडणाऱ्या कारागिरांची नावे आपण जवळजवळ विसरलो आहोत. विणकर डोळ्यांसमोर असतो, व्यापाऱ्याचे नाव काठाशी विणले जाते. आलेखाच्या कागदावर चौकोन भरून नक्षी बसवणारा मनुष्य मात्र कोठेच दिसत नाही. तुमच्या माळांबरोबर चौकोनी घरे रंगवलेला एखादा कागद किंवा पेन्सिलीने लिहिलेले नाव मिळाले, तर ते माळेइतकेच जपून ठेवावे.

या माळा हाताळताना एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे: पुठ्ठ्यांचा क्रम मोडता कामा नये. दोरी कुजून माळ तुटली असेल तर तुकडे जसे पडले आहेत त्याच क्रमाने रचावेत, पुठ्ठ्यांवर छापील किंवा हाताने घातलेले क्रमांक असल्यास ते पाहावेत, आणि नव्या दोरीने ओवण्याची घाई करू नये. उंदीर आणि वाळवी यांपासून लांब, जमिनीपासून उंच, हवा खेळती राहील अशा जागी माळ ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधल्यास पुठ्ठा दमट होतो आणि त्यावर बुरशी येते.

चादरीची काळजी वेगळी घ्यावी लागते. ती धुऊ नये. जुन्या रंगाचे सूत पाण्यात रंग सोडते, आणि चादरीवरचा डागसुद्धा कधी कधी माहिती सांगतो. स्वच्छ, खळ काढून टाकलेल्या मांजरपाटाच्या कापडात ती गुंडाळीने ठेवावी. घडी घालायचीच असेल तर घडीत तेच मऊ कापड भरावे आणि काही महिन्यांनी घडीची जागा बदलावी, नाहीतर सूत घडीच्या रेषेवरच तुटते. डांबरगोळ्या कापडाला चिकटून ठेवू नयेत. उन्हात वाळवण्याची आपल्याकडील सवय गाद्यांना चांगली, जुन्या कापडाला घातक आहे, कारण उजेडाने झालेली हानी भरून येत नाही आणि प्रत्येक वेळची हानी आधीच्या हानीत जमा होत जाते. म्हणूनच संग्रहालयांतील वस्त्रदालने मंद ठेवलेली असतात. तेथे सुमारे ५० लक्स इतकाच प्रकाश ठेवण्याचा प्रघात आहे. पाहणाऱ्यांना ती अंधारी वाटतात, पण त्यामागचे कारण हे आहे.

कापडाचा विषय निघालाच आहे तर गोधड्यांविषयीही बोलले पाहिजे, कारण प्रश्नात त्यांचा उल्लेख नसला तरी माळ्यावर त्या असणारच. आपल्याकडील जुन्या गोधडीत वरच्या अस्तराखाली थरावर थर असतात: इरकली लुगड्याचे पदर, धोतराचे तुकडे, मुलांची झबली, कधी गिरणीतून आलेल्या मांजरपाटावरचा शिक्का. एका घरात दोन-तीन पिढ्यांनी काय नेसले आणि काय पांघरले, ते या थरांत क्रमाने मिळते. उसवलेल्या कडेतून आत डोकावून पाहावे, छायाचित्र घ्यावे, पण गोधडी उसवू नये. तिचे टाके ज्या बाईने घातले तिचे नाव घरात कोणाला तरी आठवत असेल. ते लिहून घ्यावे. आमच्या नोंदवह्यांत अशा वस्तूंपुढे कर्त्याच्या रकान्यात ‘अज्ञात’ हा शब्द फार वेळा आलेला आहे, आणि बऱ्याचदा त्याचे खरे कारण एवढेच असते की देणगी घेताना ते नाव कोणी विचारलेच नव्हते.

आपल्या शहराच्या इतिहासातील सर्वांत ज्वलंत प्रसंगाच्या वस्तू मात्र फारच थोड्या घरांत मिळतात, आणि त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाल्यावर शहर पेटले, ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यानंतरचे काही दिवस येथे इंग्रजांचा अंमल उरला नव्हता, आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तो जूनअखेरपर्यंत चालला. त्या काळात गांधी टोपी डोक्यावर असणे आणि तिरंगा जवळ बाळगणे हेच शिक्षेला आणि माराला निमंत्रण होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. अशा दिवसांत टोपी चुलीत घालणे, कागद विहिरीत टाकणे, झेंड्याचे कापड वेगवेगळे करून तिसऱ्याच कामाला लावणे हे घरातील माणसांना वाचवण्याचे मार्ग होते. हा न सापडणाऱ्या वस्तूंचा इतिहास आहे. म्हणून तुमच्या घरात त्या काळाची टोपी मिळाली नाही, परंतु ‘आजोबांनी टोपी अमक्या ठिकाणी लपवली होती’ एवढी आठवण मिळाली, तरी ती नोंदण्यासारखी आहे. फक्त ती कोणी सांगितली, सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि सांगताना त्याचे वय काय होते, हे सोबत लिहावे. मार्शल लॉच्या कथा शहरात पुष्कळ फिरतात. त्यांतील पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते हे वेगळे ठेवल्याशिवाय त्यांचा उपयोग करता येत नाही.

मोडी कागदांकडे येऊ. त्यांतील बहुतेक घरखरेदीचे, गहाणाचे किंवा उसनवारीचे असतील, आणि काही घराच्या मूळ मालकाकडून तुमच्याकडे आलेले असण्याचा संभव आहे. वाचणाऱ्याकडे नेण्यापूर्वी वर्ष कोणत्या कालगणनेतले आहे ते पाहावे. शक असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन येतो. दख्खनी फसली असेल तर ५९० मिळवावे, म्हणजे फसली १३०० हे वर्ष इसवी सन १८९० च्या सुमारास सुरू झाले. पेशवाईतील कागदांत बहुधा अरबी सुहूर सन शब्दांत लिहिलेला असतो: ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७५, आणि त्यात ५९९ मिळवले की १७७४ येते. वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने महिन्यावरून एकाचा फरक पडतो. कागद सरळ करण्यासाठी इस्त्री फिरवू नये, चिकटपट्टी लावू नये, आणि लॅमिनेशन तर कधीही करू नये. उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक पुढे काढता येत नाही आणि कागद त्याच्या आतच खराब होतो. याच पेटीत तेलुगूतील पत्रेही असतील. गावाकडून आलेले लग्नाचे बोलावणे, सुताच्या पैशांचा हिशेब, कोणाच्या आजारपणाची बातमी, अशा पत्रांतून तेलंगणातील मूळ गाव आणि सोलापूरची पेठ यांच्यातील येणेजाणे उलगडते, आणि त्यांच्याकडे आजपर्यंत मोडी दप्तरांइतके लक्ष गेलेले नाही. ती मराठीत सांगून मूळ टाकून देऊ नये. वडीलधारी मंडळी तेलुगूत बोलत असतील तर आठवणीही तेलुगूतच ध्वनिमुद्रित कराव्यात. भाषांतर नंतर केव्हाही होते. बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत गेली, तेव्हा कागदांत एखादे अरुंद रुळांच्या गाडीचे तिकीट सापडले तर तेही रद्दी समजू नये.

नाण्यांविषयी थोडक्यात लिहितो. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले तांब्याचे नाणे म्हणजे शिवराई, आणि ती थेट शिवाजी महाराजांच्या काळातील असावी असे प्रत्येक घराला वाटते. प्रत्यक्षात शिवराया पेशवाई संपेपर्यंत आणि तिच्यानंतरही काही काळ पाडल्या जात होत्या, आणि सापडणाऱ्यांपैकी बहुतेक नंतरच्या काळातील असतात. त्यामुळे त्यांचे महत्त्व कमी होत नाही, कारण बाजारात सामान्य माणसाच्या हाती जे नाणे होते ते हेच. मात्र कायद्याची बाजू लक्षात ठेवावी. घराच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या असलेली नाणी वेगळी आणि पाया खणताना जमिनीतून निघालेली नाणी वेगळी. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तुमचे घर जुन्या पेठेत आहे आणि पाया खोल जाणार आहे, म्हणून ठेकेदाराला आणि मजुरांना हे आधीच समजावून सांगावे. तसेच शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींसारख्या काही वस्तूंची नोंदणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यान्वये करावी लागते, आणि त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. देवघरातील जुने टाक असतील तर पूजेतून काढण्याचे काही कारण नाही. छायाचित्र आणि माप पुरेसे आहे.

पूजेत आणि उत्सवात असलेल्या वस्तूंबाबत माझे मत ठाम आहे. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवणारे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, संक्रांतीच्या वेळी संमती कट्ट्यावर होणारा अक्षता सोहळा, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, हे सगळे आजही माणसांच्या खांद्यांवर आणि हातांवर चालले आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडात, त्यांच्या यात्रेतील मानकरी निरनिराळ्या समाजांचे आणि पाहायला लोटणारे लोक चार भाषा बोलणारे, हे सोलापूरचे रूप दालनात मांडता येत नाही. संग्रहालयाने येथे छायाचित्रे, निमंत्रणपत्रिका, जुने हलगी-ताशे, निकामी झालेले आणि विधिपूर्वक बाजूला ठेवलेले साज यांपुरतेच राहावे, आणि तेही मानकऱ्यांच्या संमतीने.

आजीच्या सुपाविषयी तुम्ही शेवटी आणि काहीसे संकोचाने विचारले आहे असे दिसते. माझ्या मते त्याला अग्रक्रम द्यावा. पूर्व भागातील घरांत पुरुष मागावर आणि स्त्री विडीवर, अशी संसाराची रचना अनेक दशके होती, आणि माग थांबला तेव्हा विडीच्या मजुरीवर घर चालले. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभी राहिलेली १०,००० घरांची वसाहत सर्वांना ठाऊक आहे. पण ज्या सुपावर ती कमाई झाली ते सूप संग्रहालयांत फारसे दिसत नाही. सुपासोबत पान कापण्याचा पत्र्याचा साचा, कात्री, दोऱ्याचे रीळ, पाने ओली ठेवण्याचे फडके आणि कारखान्याचे विडी मोजून घेतल्याचे पुस्तक हे सगळे एकत्र द्यावे. हयात असतील तर आजींना, नसतील तर त्यांच्या सोबतिणींना, दिवसाला किती विड्या होत, छाट म्हणून किती बाद केल्या जात आणि त्याचे पैसे कसे कापले जात, मूल मांडीवर असताना काम कसे होई, हे विचारावे. शक्य असल्यास त्यांच्या हातांची हालचाल चित्रित करावी. सुपाच्या एका कडेला बोट टेकून टेकून बांबू झिजलेला असतो. तो का झिजला, हे त्या चित्रणातून कळते.

द्यायचे कसे, याचे उत्तर व्यवहाराचे आहे. ज्या संस्थेला द्याल तिच्याकडे दाखल नोंदवही आहे का, वस्तूवर क्रमांक घातला जातो का, आणि दिलेली वस्तू पाच वर्षांनी दाखवा म्हटल्यास दाखवता येईल का, हे आधी विचारावे आणि विचारताना भीड बाळगू नये. देणगीपत्र दोन प्रतींत करावे. त्यात वस्तूंची यादी, छायाचित्रे, देणाऱ्याचे नाव आणि घरातील सर्व वारसांची संमती असावी, कारण एका भावाने दिलेली वस्तू दुसरा भाऊ परत मागायला आल्याचे प्रसंग घडतात. ‘कायम प्रदर्शनात ठेवावी’ अशी अट घालू नये. कोणतेही जबाबदार संग्रहालय ती मान्य करणार नाही, आणि कापडाच्या बाबतीत ती वस्तूच्याच मुळावर येते. उलट ‘देणाऱ्याच्या कुटुंबाला पूर्वसूचनेने पाहता यावी आणि छायाचित्रे मिळावीत’ ही अट रास्त आहे. सगळे सामान कोणी घेईलच असे नाही. संपूर्ण मागाला जागा लागते, आणि त्याच्यासारखा माग आधीच संग्रहात असेल तर नकार मिळू शकतो. त्यात अपमान मानू नये. नोंद व छायाचित्रे संग्रहालयाला द्यावीत आणि माग एखाद्या विणकाम शिकवणाऱ्या संस्थेला विचारून पाहावा. विकण्याचा विचार असल्यास एवढीच विनंती करतो की सामान फोडून विकू नये. पुठ्ठे शोभेच्या दुकानात, बिल्ला नाणेवाल्याकडे आणि सूप भंगारात गेले, तर ही तिन्ही एका घरातील होती हे सांगणारे पुढे कोणी उरत नाही.

घर उतरवण्यापूर्वीच्या कामाचा क्रम असा ठेवावा. काहीही हलवण्याआधी माळ्याचे, मागाच्या खड्ड्याचे आणि भिंतीतील खुंट्यांचे छायाचित्र घ्यावे. खड्ड्याचा माग असेल तर खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली मोजावी, कारण खड्डा कोणी संग्रहालयात नेऊ शकत नाही आणि पाया भरला की तो नाहीसा होतो. माग सुटा करताना प्रत्येक लाकडाला सुती फितीने चिठ्ठी बांधावी, लाकडावर रंग किंवा बॉलपेन लावू नये, आणि फणी, धोटे, कांड्या व दोऱ्या ज्या भागाजवळ सापडल्या त्या भागासोबत ठेवाव्यात. छायाचित्रांच्या पाठीमागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलीने लिहावीत. त्यानंतर एका साध्या वहीत प्रत्येक वस्तूसाठी एक पान राखून ती कोणाची, कोठून आली, कोणी वापरली, केव्हा थांबली आणि हे सांगणारी व्यक्ती कोण, एवढे लिहून काढावे. तेलंगणातील मूळ गावाचे नाव, तालुका आणि सोलापुरात येण्याचे कारण यांसाठी एक स्वतंत्र पान ठेवावे. ही वही तयार झाली की तिची एक प्रत घरी ठेवून मूळ वही सामानासोबत द्यावी. तुमच्या वाक्यांत लिहिलेल्या त्या मजकुरातून दाखल नोंद भरणे आणि दालनातील पाटी लिहिणे हे पुढचे काम संग्रहालयातील माणसांचे आहे.